जुन्या गाडीचा डॅशबोर्ड: आधी पोर्ट वाचा, मग स्क्रू काढा

मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागला की एक सल्ला हमखास मिळतो: "बॅटरीची वायर काढा, दहा मिनिटांनी लावा, दिवा जाईल." बऱ्याच जुन्या गाड्यांत दिवा खरोखर जातो. पण बिघाड झाला तेव्हा इंजिन किती गरम होतं, किती आरपीएमवर फिरत होतं, हे गाडीच्या कॉम्प्युटरने टिपून ठेवलेलं असतं आणि त्या वायरबरोबर तेही पुसलं जातं. मग तोच बिघाड परत येईपर्यंत मेकॅनिक अंदाजाने पार्ट बदलत राहतो आणि बिल तुमचं वाढतं. म्हणून डॅशबोर्डखाली पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने कामाचा क्रम पक्का ठेवावा. आधी पोर्टमधून, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायच्या सॉकेटमधून, बिघाडाचे कोड वाचायचे आणि लिहून घ्यायचे, मग बॅटरी सोडवायची, आणि त्यानंतरच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा.

हे सगळं साधारण २००० ते २०१३ या काळातल्या गाड्यांना धरून लिहिलंय. या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला त्यांच्यात फारसा रस नसतो आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये प्रत्येक वेळी जाणं परवडत नाही. मालकाने थोडं शिकून घेतलं तर यातली बरीच कामं घरच्या पार्किंगमध्ये होतात.

तुमच्या गाडीत पोर्ट आहे का?

ओबीडी म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःच बिघाड ओळखून कोडमध्ये सांगायची पद्धत. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सगळ्या गाड्यांना एकसारखा ओबीडी-२ पोर्ट सक्तीचा झाला. युरोपात पेट्रोल गाड्यांना तो २००१ पासून लागू झाला. आपल्याकडे हे बरंच उशिरा आलं. भारत स्टेज ४ (बीएस-४) या प्रदूषण नियमाच्या गाड्यांना एप्रिल २०१० पासून ओबीडी-१ आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ लागू झालं. त्यातही बीएस-४ आधी देशातल्या १३ शहरांत आलं. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर त्यात होती, बाकी ठिकाणी बीएस-३ गाड्या विकायला परवानगी होती. त्यामुळे एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्या, एक एमएच-१२ ची (पुणे) आणि एक एमएच-२६ ची (नांदेड), आतून वेगळ्या निघू शकतात. सेकंडहँड घेतलेल्या गाडीचं आरसी बुक काढून उत्पादनाचा महिना आणि बीएस नॉर्म बघा. पोर्ट काय बोलेल याचा अर्धा अंदाज तिथेच येतो.

गाडी कार्ब्युरेटरची असेल, म्हणजे पद्मिनी किंवा सुरुवातीची मारुती ८००, तर पोर्टचा प्रश्नच नाही. तिथे कॉम्प्युटरच नाही. पहिल्या पिढीच्या इंडिका डिझेललाही यांत्रिक पंप होता. अशा गाड्यांच्या मालकांनी थेट खाली 'डॅशबोर्ड उघडायची तयारी' या भागाकडे जावं.

एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरने मोजून पेट्रोल फवारायची पद्धत, आल्यावर कॉम्प्युटर आला आणि त्याच्याशी बोलायची सोयही आली. पण २०१० पूर्वी ही सोय ज्या त्या कंपनीच्या पद्धतीची होती. म्हणून एक गोष्ट ध्यानात घ्या: जुन्या गाडीत सोळा पिनांचा पोर्ट दिसला, तरी ती गाडी ओबीडी-२ ची भाषा बोलेलच असं नाही. आकार तोच, पण आतला संवाद कंपनीच्या स्वतःच्या भाषेत, असं बऱ्याच भारतीय मॉडेल्समध्ये आहे. मोबाइलला जोडायचा स्वस्त अडॅप्टर अशा गाडीत 'कनेक्ट होत नाही' एवढंच सांगतो. त्यात अडॅप्टर खराब आहे असं नसतं. अशा वेळी मल्टिब्रँड स्कॅनर असलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाऊन कोड काढून घ्यावेत.

पोर्ट शोधणं

प्रमाणित ओबीडी पोर्ट स्टिअरिंगपासून साधारण दोन फुटांच्या आत असतो. आधी ड्रायव्हरच्या बाजूला, स्टिअरिंगखाली, फ्यूज बॉक्सच्या आसपास बघा. मग बॉनेट उघडायच्या खटक्याच्या वर, मग पेडलच्या वरच्या पोकळीत. तिथे नसेल तर मधल्या कन्सोलमध्ये गिअरच्या पुढे, अॅशट्रेच्या मागे, किंवा चिल्लर ठेवायच्या कप्प्याआडच्या छोट्या झाकणामागे. मान वाकडी करून शोधण्यापेक्षा मोबाइलचा फ्लॅश लावून व्हिडिओ सुरू करा, हात खाली घालून सावकाश फिरवा आणि मग व्हिडिओ बघा. हे फार सोपं जातं.

काही गाड्यांत पोर्ट त्याच्या ब्रॅकेटमधून सुटून वायरिंगच्या जुडग्यावर लोंबकळत असतो, कारण आधीच्या कुणीतरी स्कॅनर ओढून काढलेला असतो. तसाच वापरला तर मागच्या पिना ढिल्या होतात. केबल टायने तो जागेवर बांधून घ्या आणि मगच अडॅप्टर लावा.

पोर्ट सापडला की लगेच काही खुपसू नका, आधी नीट बघा. पोर्टचा आकार एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद असतो. रुंद बाजू वर धरली तर वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८ आणि खालच्या ओळीत ९ ते १६ अशा जागा असतात. सोळाच्या सोळा जागांत धातूची पिन नसतेच, आणि कुठे पिन आहे त्यावरून गाडीबद्दल बरंच कळतं. ४ आणि ५ अर्थिंगच्या, १६ थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हची. ७ नंबरला धातू दिसला तर गाडीत के-लाइन आहे, म्हणजे जुनी, सावकाश चालणारी पद्धत. ६ आणि १४ दोन्हींत धातू असेल तर कॅन आहे, जी नंतर सगळीकडे आली. २०१० च्या आसपासच्या गाड्यांत के-लाइन खूप आढळते.

घरात मल्टिमीटर असेल तर डीसी व्होल्टवर ठेवून ४ आणि १६ मध्ये मोजा. चावी बंद असतानाही साडेबाराच्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. काहीच दिसलं नाही तर पोर्टला करंट येत नाही. अशा वेळी सगळ्यात आधी फ्यूज तपासा. अनेक गाड्यांत पोर्टचा आणि सिगारेट लायटरचा फ्यूज एकच असतो, आणि लायटरमध्ये स्वस्त मोबाइल चार्जर घातल्याने तो उडालेला असतो. इथे एक सक्त सूचना. १६ आणि ४ या दोन पिना वायरच्या तुकड्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने एकमेकींना कधीही जोडू नका. तो बॅटरीचा थेट शॉर्ट आहे. मल्टिमीटरची टोकंही लावताना घसरू देऊ नका.

अडॅप्टर आणि पहिलं वाचन

बाजारात मिळणारे बहुतेक छोटे अडॅप्टर ईएलएम ३२७ या कॅनेडियन चिपच्या नकला असतात. त्यात चांगल्या आहेत आणि अगदीच टाकाऊही आहेत. खूप स्वस्तातल्या नकलांनी के-लाइनचा भाग गाळलेला असतो, आणि आपल्या जुन्या गाड्यांना नेमका तोच लागतो. म्हणून घेताना 'आयएसओ ९१४१' आणि 'केडब्ल्यूपी २०००' (के-लाइनवरच्या संवादाच्या पद्धती) चालतं का हे विचारून घ्या, आणि परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या. अँड्रॉइड फोनला साधा ब्लूटूथ चालतो. आयफोनला वायफायचा किंवा ब्लूटूथ एलई असलेला अडॅप्टर लागतो.

वाचायची पद्धत अशी. गाडी सपाटीवर, हँडब्रेक लावलेला, गिअर न्यूट्रलमध्ये. चावी बंद असताना अडॅप्टर सरळ दाबून बसवा, तिरका ठोकू नका. मग चावी 'ऑन' करा, म्हणजे मीटरचे सगळे दिवे लागतील इतपत. स्टार्टर मारू नका. फोनच्या सेटिंगमध्ये अडॅप्टर पेअर करा, पिन बहुधा १२३४ किंवा ०००० असते. त्यानंतर अॅप उघडून कनेक्ट करा. के-लाइनच्या गाडीत पहिली ओळख व्हायला काही सेकंद लागतात, तेवढा वेळ द्या. सारखं सारखं बटण दाबलं तर ती प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

कोड दिसले की पहिलं काम स्क्रीनशॉट. 'क्लिअर' चं बटण शेजारीच असतं आणि बोट तिकडे जायला वेळ लागत नाही. स्क्रीनशॉट घेतल्यावर 'फ्रीझ फ्रेम' नावाचं पान असेल तर त्याचाही घ्या. बिघाडाच्या क्षणी इंजिन कशा अवस्थेत होतं ते त्यात लिहिलेलं असतं.

कोड पार्टचं नाव सांगत नाही

नवख्यांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात, म्हणून थोडं थांबून सांगतो.

समजा कोड आला पी०११८. अॅप सांगेल की इंजिनाच्या पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, सर्किट व्होल्टेज जास्त. बहुतेक लोक लगेच सेन्सर विकत घेतात. पण 'व्होल्टेज जास्त' म्हणजे काय ते बघा. कॉम्प्युटर या सेन्सरकडे पाच व्होल्टची वायर पाठवतो. इंजिन तापलं की सेन्सरचा अवरोध कमी होतो आणि व्होल्टेज खाली येतं. थंड असलं की वर राहतं. आता सेन्सरचा कपलरच (वायर जोडायचा प्लग) ढिला झाला किंवा वायर उंदराने कुरतडली, तर व्होल्टेज खाली ओढणारं कुणीच उरत नाही. कॉम्प्युटरला पूर्ण पाच व्होल्ट दिसतात आणि तो समजतो की इंजिन प्रचंड थंड आहे. लाइव्ह डेटाच्या पानावर तापमान उणे ४० दाखवतं. एप्रिलमध्ये पुण्यात उभ्या असलेल्या गाडीचं इंजिन उणे ४० वर असणं शक्य नाही, म्हणजे सर्किट कुठेतरी तुटलंय. इंजिन थंड आहे असं समजून कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, सायलेन्सरमधून काळा धूर येतो, प्लग काळे पडतात. आणि दुरुस्ती काय, तर कपलर काढून, पिना साफ करून, 'टक्' आवाज येईपर्यंत परत दाबून बसवणं.

म्हणजे कोड तुम्हाला सर्किट सांगतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, वायर आहे, कपलर आहे, अर्थिंग आहे. तपासायची सुरुवात नेहमी कपलर आणि अर्थिंगपासून करा, कारण ते फुकट आहे.

एक साधी परीक्षा कुणालाही करता येते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी स्टार्टर न मारता लाइव्ह डेटा उघडा आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि पाण्याचं तापमान शेजारी शेजारी बघा. दोन्ही जवळपास सारखी हवीत. एक २६ आणि दुसरं ५५ दाखवत असेल तर त्यातला एक सेन्सर खोटं बोलतोय.

इतर नेहमीच्या कोडपैकी पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथे इंधन नीट पेटत नाही. तिथे ठिणगी देणारी कॉइल दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलशी अदलाबदल करून बघायची सोय असेल तर ती करा. कोड पी०३०२ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच गेलीय. पी०१७१ म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. इनटेकचे रबरी पाइप पंधरा वर्षांत कडक होऊन चिरतात, ते हाताने दाबून बघा. पी०३३५ हा क्रँक सेन्सरच्या सर्किटचा कोड. गाडी गरम झाल्यावर अचानक बंद पडत असेल आणि थंड झाल्यावर चालू होत असेल, तर हा कोड गांभीर्याने घ्या.

सोळा पिनांच्या पोर्टआधीच्या गाड्यांत दिवा लुकलुकवून कोड सांगायची पद्धत होती. सुझुकीच्या त्या काळच्या गाड्यांत निदानाची ठरलेली पिन अर्थ केली की चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. एक लुकलुक, थोडा विराम, दोन लुकलुक म्हणजे १२, आणि १२ म्हणजे सगळं ठीक. जुन्या होंडा गाड्यांत दोन पिनांचा छोटा सर्व्हिस कपलर असतो. तो जोडला की लांब लुकलुक दहाची आणि छोटी एकाची मोजायची. कुठली पिन अर्थ करायची हे त्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये बघूनच करा. चुकीच्या पिनेला वायर लावली तर कॉम्प्युटर जळू शकतो.

गाडी विकत घेताना हाच पोर्ट फार उपयोगी पडतो. चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागतच नसेल तर कुणीतरी बल्ब काढून ठेवलाय असं समजून पुढे जा. ओबीडी-२ गाडीत 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' असा एक आकडा मिळतो. विकणारा म्हणतो गाडीला कधीच प्रॉब्लेम नव्हता आणि हा आकडा ९ किलोमीटर दाखवतोय, तर गाडी दाखवण्याआधी कोड पुसले गेलेत. रेडीनेसच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्या झाल्या का हे सांगणाऱ्या, पानावर चाचण्या 'अपूर्ण' दिसत असतील तर तेही त्याचंच लक्षण. अशी गाडी दोन दिवस चालवून परत स्कॅन केल्याशिवाय टोकन देऊ नका.

डॅशबोर्ड उघडायची तयारी

कोड लिहून झाले, आता खोलायचं. त्याआधी रेडिओला कोड लागत असेल तर तो शोधून ठेवा, कारण बॅटरी काढल्यावर तो मागेल. मग चावी काढा, दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवा. निगेटिव्ह आधी काढायचं कारण सोपं आहे: पॉझिटिव्ह सोडवताना पान्याचं दुसरं टोक बॉडीला लागलं तर ठिणगी उडते, पण निगेटिव्ह आधीच सुटलेली असेल तर काही होत नाही. लावताना उलट, निगेटिव्ह सगळ्यात शेवटी.

स्टिअरिंगवर किंवा डाव्या बाजूच्या डॅशवर 'एसआरएस' किंवा 'एअरबॅग' असं लिहिलेलं असेल तर बॅटरी काढून किमान दहा मिनिटं थांबा. एअरबॅगच्या युनिटमध्ये काही काळ ऊर्जा साठून राहते. तिच्या वायरिंगचे कपलर सहसा पिवळे असतात. त्यांना हात लावू नका, मल्टिमीटर लावू नका, आणि कपलर सुटलेला असताना चावी ऑन करू नका, नाही तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो. भारतात ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, त्यामुळे जुन्या गाड्यांत ती बहुधा वरच्या व्हेरियंटमध्येच असते. तरी बघितल्याशिवाय गृहीत धरू नका.

हत्यारं फार लागत नाहीत. दोन नंबरचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, त्याचाच एक बुटका भाऊ अरुंद जागेसाठी, आठ आणि दहाचा सॉकेट, टेलिस्कोपिक चुंबक, प्लास्टिकच्या पट्ट्यांचा सेट, मास्किंग टेप आणि कपाळावर लावायचा टॉर्च. पट्ट्या नसतील तर जुनं एटीएम कार्ड चालतं. चपटा लोखंडी स्क्रू ड्रायव्हर मात्र ट्रिमच्या (डॅशवरच्या प्लास्टिकच्या आवरणांच्या) फटीत घालू नका. पंधरा वर्षं उन्हात तापलेल्या प्लास्टिकवर त्याचा चावा कायमचा राहतो.

आणखी एक, वेळेबद्दल. जुनं प्लास्टिक थंडीत काचेसारखं तडकतं. डिसेंबरच्या सकाळी सात वाजता काम काढू नका, गाडी थोडी उन्हात उभी करून प्लास्टिक कोमट होऊ द्या. मे महिन्यातल्या दुपारीही नको, तेव्हा ते इतकं मऊ असतं की वाकून राहतं.

प्रत्येक स्क्रू काढण्याआधी फोटो, काढल्यावर तो कुठला हे कागदावर. अंड्याच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवले तर परत लावताना उलट क्रमाने यायचं. स्क्रूची लांबी सारखी नसते. लांब स्क्रू चुकून आखूड जागी घातला तर तो मागच्या वायरिंगमध्ये घुसतो. एसीच्या झडपा आणि डीफॉगरची फट मास्किंग टेपने बंद करून घ्या. त्यात एक स्क्रू पडला तर ब्लोअरपर्यंत पोचू शकतो.

मीटर काढणं

सगळ्यात जास्त लोकांना हे काम पडतं, कारण मीटरचे बल्ब जातात किंवा काटा अडकतो. जुन्या छोट्या गाड्यांत क्रम साधारण सारखाच असतो.

स्टिअरिंगला टिल्ट असेल तर पूर्ण खाली घ्या. स्टिअरिंग कॉलमचं प्लास्टिकचं कव्हर खालून स्क्रूंनी धरलेलं असतं, ते सोडवलं की दोन भागांत उघडतं. मीटरभोवतीची चौकट वरच्या कडेला, काचेच्या छपराखाली, दोन किंवा तीन स्क्रूंनी बसलेली असते. मान खाली घालून वर बघितल्याशिवाय ते दिसत नाहीत. हे स्क्रू काढल्यावर चौकट खालच्या बाजूला क्लिपांवर अडकलेली असते. इथे दोन्ही हातांची बोटं कडेमागे घालून, क्लिप जिथे जाणवते त्याच्या अगदी शेजारी धरून सरळ आपल्याकडे ओढा. लांब टोकाला धरून पिळलं तर मधे तडा जातो. चौकट येत नसेल तर थांबा आणि परत बघा. एखादा स्क्रू छोट्या चौकोनी झाकणाखाली, स्विचच्या मागे किंवा बंद बटणाच्या जागी लपलेला असतो. या कामात प्लास्टिक अडलं म्हणजे कुठेतरी स्क्रू राहिलाय असंच समजायचं.

चौकटीवर हॅझर्ड किंवा डीफॉगरचे स्विच असतील तर त्यांचे कपलर मागून सोडवा. कपलरला लॉकची जीभ असते. ती दाबायची आणि कपलरच्या अंगाला धरून ओढायचं, वायरला नाही. जुना कपलर घट्ट बसला असेल तर आधी थोडा आत ढकला, मग जीभ दाबा. लॉकवरचा ताण सुटतो आणि तो सहज येतो.

आता मीटर तीन-चार स्क्रूंवर राहिला. ते काढून मीटर पुढे घ्या, तर तो एखाद्या वितीवर येऊन अडतो. मारुती ८००, ओम्नी, जुनी झेन अशा गाड्यांत स्पीडोमीटरची केबल यांत्रिक असते, ती मागे जोडलेली असते. मीटर हिसकला तर केबलचं टोक तुटतं किंवा मीटरच्या मागचा प्लास्टिकचा गळा फुटतो. मीटरच्या बाजूने हात आत घाला, केबलच्या गळ्यावरची जीभ बोटाने शोधा, ती दाबून केबल मागे ढकला. हात पोचत नसेल तर बॉनेट उघडून, केबल इंजिनाच्या बाजूने थोडी आत सरकवा, म्हणजे मीटरकडे सैल मिळते. आतली वायर चौकोनी टोकाची असते. परत लावताना ती चौकोनी खाचेत बसली आहे हे मीटरचा गळा दाबण्याआधी बघा, मग 'टक्' येईपर्यंत दाबा.

मीटरच्या मागे बारीक तांब्याच्या रेषा असलेली लवचीक पारदर्शक पट्टी दिसेल. सगळे दिवे त्या रेषांवर चालतात. तिला घडी पडू देऊ नका, खरवडू नका. बल्बचे होल्डर पाव फेरा फिरवले की निघतात. आतले बल्ब बिनटोपीचे, दाबून बसवायचे असतात. बदलायचा बल्ब तेवढ्याच वॅटचा घ्या. एलईडी लावणार असाल तर ती न पेटल्यास उलटी फिरवून बसवा, तिला पॉझिटिव्ह-निगेटिव्ह असतं. पण बॅटरीच्या लाल दिव्याच्या जागी एलईडी लावू नका. पुष्कळ जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो. याच कारणाने मीटर काढलेला असताना गाडी चालवायची नाही. बॅटरी चार्ज होत नसेल तरी सांगणारा दिवा समोर नसतो. मीटरच्या काट्यांना बोट लावू नका आणि किलोमीटरच्या आकड्यांशी तर अजिबात खेळू नका. तो पुढच्या मालकाची फसवणूक करण्याचा प्रकार आहे.

बाकीचे भाग

म्युझिक सिस्टिम सोपी असते. भोवतीची ट्रिम काढली की बाजूला दोन-दोन स्क्रू दिसतात, किंवा दोन्ही कडांना खाचा असतात ज्यात पातळ पट्ट्या घालून लॉक सोडवायचे. मागे एरियलची वायर वेगळी असते, ती विसरून ओढू नका. आधीच्या मालकाने वायरी कापून टेपने गुंडाळल्या असतील तर या संधीत सोल्डर करून, हीट श्रिंक लावून घ्या. आगीचे प्रकार अशाच उघड्या जोडांपासून सुरू होतात.

एसीच्या पॅनेलमागे जाडसर पोलादी केबली असतात. पॅनेल पुढे घेताना त्या मोडू देऊ नका. काढायच्याच असतील तर त्यांची जागा मार्करने खूण करा, नाही तर गरम-थंडचा खटका उलटसुलट चालेल.

ग्लव्हबॉक्स मात्र जरूर शिका. दोन्ही बाजूंच्या भिंती आत दाबल्या की थांबे सुटतात आणि तो खाली लोंबतो. मागे बऱ्याच गाड्यांत ब्लोअर, त्याचा रेझिस्टर आणि असेल तर केबिन फिल्टर असतो. ब्लोअर फक्त सर्वांत वरच्या स्पीडवर चालत असेल आणि खालच्या स्पीडवर नाही, तर बहुधा रेझिस्टर गेलेला असतो. दोन स्क्रू, एक कपलर, संपलं. त्यासाठी 'पूर्ण डॅश खोलावा लागेल' असं कुणी म्हटलं तर आधी स्वतः ग्लव्हबॉक्स उतरवून बघा.

तिथेच खाली डाव्या पायाजवळ काही गाड्यांत इंजिनाचा कॉम्प्युटर असतो. पावसाळ्यात समोरच्या काचेच्या रबरातून पाणी झिरपतं, कार्पेट ओलं राहतं आणि कपलरच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, मऊ ब्रशने साफ करून, पूर्ण वाळू द्या. उंदरांनी कागद, कापूस आणून घर केलेलं सापडलं तर हातमोजे घालून काढा आणि भोवतीच्या प्रत्येक वायरवरून बोट फिरवून दातांच्या खुणा शोधा.

पूर्ण डॅशबोर्ड उतरवणं, इव्हॅपोरेटर (डॅशमधली एसीची कूलिंग कॉइल) बदलणं, एअरबॅग काढणं ही कामं घरी नकोत. इव्हॅपोरेटरसाठी आधी एसीचा गॅस काढून घ्यावा लागतो, ते काम मशीन असलेल्या एसी मेकॅनिकचं.

परत बसवताना

क्लिपा मोजून घ्या. लोखंडी स्प्रिंग क्लिप चौकटीवरून निसटून डॅशच्या आत पडते आणि मग प्रत्येक खड्ड्यात खडखडते, तिला चुंबकाने काढा. तुटलेल्या क्लिपा आणि ट्रिम पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतात. जुना तुकडा सोबत घेऊन जा, मॉडेलचं नुसतं नाव पुरत नाही. जिथे प्लास्टिकवर प्लास्टिक घासतं तिथे फेल्टची पातळ पट्टी चिकटवा.

सगळे कपलर लावून, चौकट बसवायच्या आधी बॅटरी जोडा आणि तपासा: मीटरचे दिवे, इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, ब्लोअरचे सगळे स्पीड, वायपर. इंजिन सुरू करून बॅटरीवर मोजलं तर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. सगळं ठीक असेल तर चौकट बसवा. स्क्रू आधी सगळे अर्धवट लावा, मग एकेक घट्ट करा, आणि प्लास्टिकमध्ये जाणारे स्क्रू बोटांच्या जोराने थांबवा. आटे गेले की ते परत पकडत नाहीत.

बॅटरी काढल्यामुळे आयडलिंग पहिले काही मिनिटं वरखाली होईल. काही गाड्यांत पॉवर विंडोची ऑटो सोय परत शिकवावी लागते: काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून ठेवायचं. मग तीन-चार दिवस नेहमीसारखी गाडी चालवा, शहरात आणि थोडी हायवेवर, आणि पुन्हा पोर्टला अडॅप्टर लावा. सुरुवातीला लिहून ठेवलेले कोड समोर ठेवून बघा. 'पेंडिंग' च्या, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या कोडच्या, पानावर तोच कोड परत उगवला असेल तर दिवा लागायच्या आधीच तुम्हाला कळलेलं असतं, आणि आता कुठल्या वायरकडे जायचं हेही माहीत असतं.